चेहऱ्याची सौंदर्यवर्धक शल्यचिकित्सा

चेहऱ्यावरील नाक, कान, ओठ, पापण्या, हनुवटी व त्वचा यांचा आकार, परस्परप्रमाण किंवा रूप शस्त्रक्रियेने सुधारण्याच्या शास्त्रास चेहऱ्याची सौंदर्यवर्धक शल्यचिकित्सा म्हणतात. ही प्लॅस्टिक शल्यचिकित्सेची एक शाखा होय. ‘प्लॅस्टिक’ हा शब्द ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. प्लॅस्टिक नावाचा कृत्रिम पदार्थ वापरला जातो म्हणून हे नाव पडले, हा समज चुकीचा आहे. जन्मजात व्यंग, इजा, भाजणे किंवा रोग यांमुळे बिघडलेला अवयव शक्य तितका पूर्ववत करणारी ती पुनर्रचनात्मक आणि निकोप अवयवाचे रूप अधिक चांगले करणारी ती सौंदर्यवर्धक, असा भेद पाठ्यपुस्तकांत केला जातो. परंतु शस्त्रे, टाके व त्वचा हलविण्याची रीत दोहोंत बहुतांशी एकच असते. भेद असतो तो शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याच्या हेतूत आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या समाजाच्या दृष्टीत. म्हणूनच कोणी, कशासाठी व कोणत्या तयारीने शस्त्रक्रिया करून घ्यावयाची, हा प्रश्न या शाखेत हस्तकौशल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात या प्रश्नाचा लेखी इतिहास दोनशे वर्षांहून अधिक जुना असून पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेपासून नांदेड व लातूर येथील आजच्या शस्त्रक्रियागृहांपर्यंत त्याचा माग काढता येतो.

नाक आणि प्रतिष्ठा : चेहऱ्याच्या अवयवांपैकी नाकाचा प्रतिष्ठेशी संबंध सर्वाधिक जोडला गेला आहे. नाक कापणे, नाक घासणे, नाक वर करून चालणे हे मराठी वाक्प्रचार त्याचेच द्योतक होत. प्राचीन काळापासून व्यभिचार, फितुरी इ. अपराधांसाठी नाक कापण्याची शिक्षा भारतात दिली जाई. युद्धकैद्यांनाही ती देत. अशा मनुष्याचा श्वासोच्छ्वास चालू राही, तो कामही करू शके. परंतु त्याचा अपराध किंवा पराभव त्याच्या चेहऱ्यावर जन्मभर वाचला जाई. त्यामुळे नवे नाक बसविणे म्हणजे समाजातील गेलेली जागा परत मिळविणे असा त्याचा अर्थ होता. भारतात ही कला विकसित होण्यास ही परिस्थिती बऱ्याच अंशी कारणीभूत झाली.

प्राचीन पद्धती : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान टोचणे, फाटलेली कानाची पाळी जोडणे आणि नाक व ओठ यांचे संधान यांचे वर्णन आहे. पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार तेथे सांगितले आहेत. जड अलंकारांनी पाळी लांबणे व फाटणे ही त्या काळी नित्याची बाब असावी, असे यावरून दिसते. नाकासाठी प्रथम झाडाचे पान छाटलेल्या नाकाच्या मापाने कापून घ्यावे, त्या मापाची गालाची त्वचा एका बाजूने जोडलेली ठेवून सोडवावी आणि नाकाचा उरलेला भाग खरवडून त्यावर ती बसवावी, असे सुश्रुताने सांगितले आहे. श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात, वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे आणि तिळाच्या तेलाने जखम भिजती ठेवावी, अशीही सूचना आहे. नवे नाक लहान पडल्यास ते वाढविण्याचा व मांस अधिक वाढल्यास ते कमी करून सारखे करण्याचा उपाय ग्रंथकाराने दिला आहे. एकाच बैठकीत मनासारखे रूप येईलच असे नाही, हे त्याने गृहीत धरले होते. रुग्णाच्या पूर्वतयारीचाही विचार या संहितेत आहे. बहुतेक शस्त्रकर्मांपूर्वी रुग्णास इष्ट भोजन द्यावे, वेदना सहन न होणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे. मात्र मुखरोग, उदररोग आदींत उपाशीपोटी शस्त्रकर्म करावे, असे तेथे म्हटले आहे.

पुण्याजवळील शस्त्रक्रिया : लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ या अद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. कावसजी नावाच्या एका माणसाची हकिकत त्यात होती. हे नाव पारशी वाटत असले, तरी पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपू सुलतानाच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. पुढे तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परतला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर झाला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. या कारागिराचे नाव पत्रात दिलेले नाही. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. पुणे दरबारात चित्रे काढणारा जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र रंगविले आणि त्यावरून केलेली कोरीव प्रतिमा पत्रासोबत छापली गेली.

पत्रातील वर्णनानुसार प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकासारखा घडविला जाई. मग तो सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याभोवती रेघ ओढीत. तेवढी त्वचा सोडवून घेतली जाई. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ जोडलेला ठेवीत. या देठातून रक्तपुरवठा चालू राही. थोटकाची कड ताजी करून तेथे चीर घेत आणि कपाळावरची त्वचा अर्धी पिळून खाली आणून चिरेत बसवीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवस दुसरा कोणताही उपचार नसे. त्यानंतर तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवीत. पहिले पाच-सहा दिवस रुग्णास उताणे निजविले जाई, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापून आकार नीट करीत. शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, नाक पक्के बसते आणि कपाळावरचा व्रण कालांतराने फारसा उठून दिसत नाही, असेही पत्रलेखकाने नमूद केले आहे.

या हकिकतीत दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. सुश्रुताने गालाची त्वचा सांगितली होती, पुण्याच्या कारागिराने कपाळाची वापरली. म्हणजे ही कला पोथीबाहेर, कारागिरांच्या घराण्यांतून बदलत व सुधारत आली होती. हिमाचलातील कांगडा येथेही नाक जोडणारी घराणी होती. दुसरे असे की, कावसजीचा हात गेलेला होता व तो परत येणार नव्हता. नाकाविना त्याचे पोट भरत होते. तरीही शुद्धिहरणाची सोय नसताना त्याने कपाळ सोलून घेण्याची वेदना पत्करली. अवयव आवश्यक की केवळ रूपापुरता, या प्रश्नाचे उत्तर वैद्यापूर्वी त्याने स्वतः दिले होते.

यूरोपातील प्रसार : यूरोपात बोलोन्याचा वैद्य गास्पारे ताल्याकोत्सी याने १५९७ मध्ये दंडाच्या त्वचेपासून नाक करण्याच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला होता. या पद्धतीत हात कित्येक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवावा लागे. पुढे ती मागे पडली. जंटलमन्स मॅगझिनमधील पत्राने लंडनचा शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू याचे लक्ष वेधले. भारतात राहिलेल्या लोकांकडे त्याने चौकशी केली, शवांवर सराव केला आणि सुमारे वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, चेल्सी येथे एका सैनिकी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा त्याचा वृत्तांत १८१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फोन ग्रेफे याने इटालियन व भारतीय पद्धतींची तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि कपाळाच्या त्वचेची रीत ‘भारतीय पद्धती’ या नावाने जगभर रूढ झाली. भारतातही ही परंपरा आधुनिक वैद्यकाच्या हाती आली. काठेवाडातील जुनागढ संस्थानाचे वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी दरोडेखोरांनी नाके कापलेल्या लोकांवर मोठ्या प्रमाणात शस्त्रक्रिया केल्या व १८८९ मध्ये अशा शंभर रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

शुद्धिहरण व हैदराबादचे आयोग : १८४६ मध्ये ईथर व १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म यांचा शस्त्रक्रियेत वापर सुरू झाला आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती मांडली. यामुळे वेदना व जखम दूषित होणे हे दोन मोठे अडथळे कमी झाले आणि निकोप मनुष्यही केवळ रूपासाठी शस्त्रक्रियेचा विचार करू लागला. मात्र शुद्धिहरणाचा स्वतःचा धोका होता. या प्रश्नाच्या इतिहासात आजच्या नांदेड व लातूरच्या प्रदेशाचा अप्रत्यक्ष संबंध येतो. हा प्रदेश त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील रेसिडेन्सी शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग नेमले गेले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वसन बंद पडून, हृदयावर थेट परिणाम होऊन नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी क्लोरोफॉर्मचा हृदयावर घातक परिणाम होऊ शकतो हे दाखविले आणि तो निष्कर्ष मागे पडला. आज शुद्धिहरणापूर्वी हृदय, फुप्फुसे व रक्त यांची जी तपासणी सक्तीची मानली जाते, तिच्यामागे असे अनेक अनुभव आहेत.

सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया : अमेरिकेत जॉन ऑर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून छेद घेऊन बाहेर व्रण न ठेवता नाकाचा आकार बदलण्याची रीत वर्णिली. बर्लिनच्या जॅक्स जोसेफ यांनी १८९६ मध्ये एका मुलाचे पुढे आलेले कान शस्त्रक्रियेने मागे बसविले. कानांमुळे शाळेत त्याची चेष्टा होत असे. निकोप अवयवावर शस्त्र चालविल्याबद्दल जोसेफ यांना रुग्णालयातील पद सोडावे लागले. पुढे १८९८ मध्ये त्यांनी मोठे नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. रुग्णाची मानसिक यातना हे शस्त्रक्रियेचे पुरेसे कारण होऊ शकते, ही भूमिका त्यांनी मांडली आणि तीवर दीर्घकाळ वाद झाला. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्न झालेल्या सैनिकांवर हॅरल्ड गिलीझ यांनी इंग्लंडमध्ये सिडकप येथे केलेल्या कामातून आधुनिक प्लॅस्टिक शल्यचिकित्सेचा पाया घातला गेला.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र : १९५० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात या शाखेची दोन प्रमुख केंद्रे उभी राहिली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चं. बालकृष्णन यांनी प्लॅस्टिक शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग उभारला. दुभंगलेला ओठ व टाळू यांचे त्यांनी १९७५ मध्ये मांडलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते. मुंबईत गिलीझ यांच्या हाताखाली शिकलेले नोशीर अंतिया यांनी जे. जे. रुग्णालयात टाटा विभागाची उभारणी केली. कानाच्या कडेचा तुटलेला भाग भरून काढण्याची अंतिया व बुच यांची १९६७ ची पद्धती आजही जगभर वापरली जाते.

अंतिया यांच्या कामाचा आरंभ पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरुग्णांमध्ये झाला. कुष्ठरोगात नाकाचा आधार झिजून ते खाली बसते, भुवया गळतात, कानाच्या पाळ्या लोंबतात, पापण्या मिटत नाहीत आणि त्वचेला अकाली सुरकुत्या पडतात. औषधाने रोग बरा झाल्यावरही ही चिन्हे राहतात व रोगमुक्त माणूस रोगीच समजला जातो. अशा रुग्णांच्या नाकाला आतून अस्तर व आधार देणे, डोक्याच्या केसाळ त्वचेची भुवई करणे, पाळ्या कमी करणे आणि चेहऱ्याची त्वचा ताणून बसविणे, या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. यांतील शेवटची शस्त्रक्रिया एरवी श्रीमंतांच्या हौसेची समजली जाते. कोंढव्यात तिचा अर्थ गावी परत जाता येणे, काम मिळणे आणि कुटुंबात राहता येणे असा होता. चेहऱ्यावरच्या या खुणांचे परिणाम कायद्यातही होते. पतीचा किंवा पत्नीचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विवाहविषयक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आले. मराठवाड्याच्या दृष्टीने हे काम विशेष महत्त्वाचे होते. कारण नांदेड जिल्हा कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशात मोडत असे आणि नांदेडजवळ नेरली येथे कुष्ठधाम उभे राहिले होते.

नांदेड व लातूर : हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले व मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अंबेजोगाई येथे १९७४ मध्ये व नांदेड येथे १९८८ मध्ये शासकीय महाविद्यालये निघाली. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात होते. तेथे १९९० मध्ये खाजगी व २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तोपर्यंत चेहऱ्यावरील विशेष शस्त्रक्रियांसाठी या भागातील रुग्णांना हैदराबाद, सोलापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. प्रवास, बुडणारी मजुरी आणि परक्या शहरातील मुक्काम यांमुळे शस्त्रक्रियेचा निर्णय पुष्कळदा लांबणीवर पडे.

या भागातील चेहऱ्याच्या शल्यचिकित्सेत दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेला महत्त्वाचे स्थान आहे. जगात साधारणपणे सातशे जन्मांमागे एका बालकास ओठ वा टाळू दुभंगलेला असतो. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांत जुळून येतो. ती जुळणी अपुरी राहण्यास आनुवंशिकता, पोषणातील उणिवा, काही औषधे, तंबाखू इ. कारणे असू शकतात. खेड्यांत मात्र गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले, किंवा ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून मुलाचा ओठ फाटला, अशी समजूत आढळते. या समजुतीमुळे दोष आईच्या माथी येतो व कधीकधी मूल लपवून ठेवले जाते. म्हणून येथे पूर्वतयारीचा पहिला भाग कुटुंबाची समजूत घालणे हाच असतो. लातूर येथील प्लॅस्टिक शल्यचिकित्सक विठ्ठलराव लहाने यांनी ‘स्माइल ट्रेन’ (स्थापना १९९९) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने अशा शस्त्रक्रिया विनामूल्य केल्या असून मराठवाड्यासह शेजारच्या भागांतील मुलांना त्यांचा लाभ झाला आहे. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यात दुभंगलेल्या ओठाची व टाळूची नोंद घेऊन बालकास उपचारासाठी पाठविण्याची तरतूद आहे.

शस्त्रक्रियेचे प्रमुख प्रकार : नाकाच्या शस्त्रक्रियेत हाड व कूर्चा (लवचिक हाडासारखे ऊतक) यांना नवा आकार देतात, मधला पडदा वाकडा असल्यास तोही त्याच वेळी सरळ करतात. कानाच्या शस्त्रक्रियेत पुढे आलेले कान मागे बसवितात किंवा फाटलेली पाळी जोडतात. जड काप, बुगड्या व कर्णफुले यांनी पाळी फाटणे खेड्यापाड्यांत आजही सामान्य असल्याने सुश्रुताच्या अध्यायातील हा विषय अद्याप कालबाह्य झालेला नाही. पापण्यांवरील शिथिल त्वचा कमी करणे, हनुवटी किंवा जबड्याचे हाड पुढे-मागे करणे, सुरकुतलेली त्वचा ताणणे, भाजल्याचे व अपघाताचे व्रण सुधारणे हे इतर प्रकार होत. सुरकुत्या घालविणारी व पोकळी भरून काढणारी टोचणीची औषधे शस्त्राविना वापरली जातात. तथापि चुकीच्या जागी टोचल्यास त्यांमुळे त्वचा मृत होणे, क्वचित दृष्टी जाणे असे गंभीर उपद्रव होऊ शकतात.

निवड : सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेस तातडी नसते. त्यामुळे ती न करणे हाही एक वैध पर्याय असतो व तो रुग्णापुढे ठेवणे हे वैद्याचे कर्तव्य मानले जाते. नेमका कोणता भाग खटकतो, केव्हापासून, शस्त्रक्रियेनंतर आयुष्यात कोणता बदल अपेक्षित आहे आणि इच्छा स्वतःची की आईवडिलांची, जोडीदाराची किंवा विवाह जुळविणाऱ्यांची, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. नाकाचा उंचवटा कमी व्हावा ही अपेक्षा पूर्ण होऊ शकते. स्थळ जमावे किंवा नोकरी मिळावी ही अपेक्षा शस्त्रक्रिया पूर्ण करू शकत नाही. इतरांना जाणवतही नसलेल्या दोषाने काहीजण सतत ग्रासलेले असतात व एकामागून एक शस्त्रक्रिया करून घेऊनही असमाधानी राहतात. हा एक मानसिक विकार असून त्यावर शस्त्र हा उपाय नाही. अशांना मानसोपचारज्ञाकडे पाठवितात.

वयाचाही विचार करावा लागतो. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात व टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यात करतात. कानाची पाच-सहा वर्षांनंतर करता येते. नाकाची शस्त्रक्रिया मात्र चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींत सुमारे सोळा व मुलांत सतरा-अठरा वर्षांपर्यंत पुढे ढकलणे इष्ट असते. विवाहाची तारीख ठरल्यावर घाईने शस्त्रक्रिया करून घेण्याची प्रवृत्ती दिसून येते. परंतु नाकाची सूज पूर्ण ओसरून अंतिम आकार दिसण्यास एक वर्षही लागू शकते. त्यामुळे मुहूर्तापूर्वी काही आठवडे केलेल्या शस्त्रक्रियेने निराशाच पदरी येण्याचा संभव असतो.

शल्यचिकित्सकाची निवड करताना त्याची अर्हता व नोंदणी पाहणे आवश्यक आहे. प्लॅस्टिक शल्यचिकित्सेत एम.सीएच. किंवा समकक्ष राष्ट्रीय मंडळाची पदवी ही मुख्य अर्हता होय. नाकासाठी कान-नाक-घसातज्ञ व जबड्यासाठी मुखजबडा शल्यचिकित्सक आपापल्या क्षेत्रात काम करतात. राज्यातील आधुनिक वैद्यकाच्या चिकित्सकांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यकाने पुरेशा सोयी असलेल्या ठिकाणी कराव्यात. कार्यशाळेत किंवा चित्रफितीत पाहून मिळविलेले ज्ञान हे प्रशिक्षण समजू नये. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय व धोके समजावून सांगून मिळविलेली संमतीच ग्राह्य ठरते, आणि एका शस्त्रक्रियेची संमती तातडीच्या प्रसंगाखेरीज दुसरीस लागू पडत नाही.

पूर्वतयारी : पुण्याच्या कारागिराचा मेणाचा पत्रा आणि आजची छायाचित्रे व मोजमापे यांचा हेतू एकच आहे. ठराविक अंतरावरून व कोनांतून समोरची, दोन्ही बाजूंची व खालून वरची छायाचित्रे घेतात. संगणकावर संभाव्य रूप दाखविण्याची सोय काही ठिकाणी असते. ते चित्र चर्चेपुरते असते, हमी म्हणून नव्हे. जुने आजार, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, औषधांची वावडी आणि पूर्वीच्या जखमांचे व्रण यांची चौकशी करतात. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर ज्याच्या त्वचेत जाड गाठीसारखा व्रण उठला असेल, त्याने ते आवर्जून सांगावे. असा व्रण सावळ्या त्वचेत अधिक प्रमाणात आढळतो. रक्तदाब, रक्तशर्करा, रक्तारुण (हीमोग्लोबिन) व रक्त साकळण्याची क्षमता तपासतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर भागातील आदिवासी समाजात दात्रकोशिका विकार (सिकल सेल) आढळत असल्याने शुद्धिहरणापूर्वी त्याची तपासणी विशेष आवश्यक ठरते. दुभंगलेल्या ओठाच्या बालकाबाबत वय दहा आठवडे, वजन दहा पौंड (सुमारे साडेचार किग्रॅ.) व रक्तारुण दहा ग्रॅम हा जुना नियम अद्याप मार्गदर्शक मानला जातो, वजन भरेपर्यंत वाटी-चमच्याने दूध पाजण्याची रीत आईला शिकवितात.

विडी, सिगारेट, गुटखा व तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद करणे आवश्यक असते. निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सोडविलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटून ती मृत होऊ शकते. कावसजीच्या कपाळावरील त्वचेचे जीवित ज्या देठावर अवलंबून होते, तोच नियम येथे लागू पडतो. रक्त पातळ करणारी औषधे वैद्याच्या सल्ल्यानेच थांबवावीत; अ‍ॅस्पिरिन व काही वनस्पतिज गोळ्यांमुळेही रक्तस्राव वाढत असल्याने कोणतेही घरगुती औषध लपवू नये. शुद्धिहरणापूर्वी घन आहार सहा तास व निव्वळ पाणी दोन तास वर्ज्य असते. शस्त्रक्रियेनंतर डोके उंच ठेवून निजणे, नाक न शिंकरणे, काही आठवडे जड कामे टाळणे आणि उन्हापासून व्रणाचे रक्षण करणे या गोष्टी पाळाव्या लागतात. मराठवाड्यातील प्रखर उन्हाळ्यात शेतात काम करणाऱ्यास शेवटची सूचना पाळणे कठीण असते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा हंगाम ठरविताना पेरणी, सुगी व ऊसतोडीची स्थलांतरे यांचाही विचार करणे उपयुक्त ठरते.

धोके व खर्च : रक्तस्राव, जखम दूषित होणे, व्रण जाड होणे, दोन बाजू असमान दिसणे, स्पर्शज्ञान मंदावणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे धोके कुशल हातांतही पूर्णपणे टळत नाहीत. खर्चाच्या बाबतीत पुनर्रचनात्मक व सौंदर्यवर्धक हा भेद आता शासकीय नियमांत उतरला आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरसह उर्वरित जिल्ह्यांत ती २०१३ मध्ये पोहोचली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. भाजणे व व्यंग यांवरील ठराविक शस्त्रक्रियांचा तीत समावेश आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांचा नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या अधिसूचनेतही जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रिया करमुक्त असून इतर सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया करपात्र आहेत. अ‍ॅसिडहल्ल्यात चेहरा विद्रूप झालेल्यांना खाजगी रुग्णालयांनीही पुनर्रचनेसह विनामूल्य उपचार द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजनेद्वारे अशा व्यक्तींना अर्थसाहाय्य मिळते.

नियमांनी आखलेली ही रेषा व्यवहारात नेहमीच स्पष्ट नसते. अपघातात वाकलेले नाक सरळ करताना त्याचा जन्मजात उंचवटाही कमी केला जातो. ओठ जोडलेल्या मुलाच्या नाकाची बसकी बाजू उचलण्यासाठी तारुण्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. नांदेड व लातूर येथे हे उपचार आता उपलब्ध झाल्याने रुग्णास तपासणी, सल्ला व विचार यांसाठी एकाहून अधिक वेळा येता येते. दूरच्या शहरी एकाच खेपेत निर्णय घ्यावा लागणाऱ्या पिढीला ही सवड मिळत नव्हती.